बारा आण्यांचा मसाला

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण ज्या कोणा गृहिणीने प्रथम उच्चारली तिला अर्थशास्त्राचा गंधही नसेल. परंतु गेल्या चाळीस वर्षांत जगातील काही बड्या कंपन्यांनी ज्या हिशेबावर अमाप पैसा मिळवला, तो हिशेब तिने एका ओळीत सांगून ठेवला आहे. कोंबडी स्वस्तात द्यावी, आणि मसाला मात्र आपल्याच दुकानातून घ्यायला लावावा. गिऱ्हाईक कोंबडीचा भाव पाहून खूष होते, आणि पुढे वर्षानुवर्षे मसाल्याचे पैसे मोजीत राहते. ह्या लेखात ज्या धंद्याची हकीकत सांगायची आहे, त्यात कोंबडी म्हणजे मोठमोठी चित्रे छापणारे यंत्र, आणि मसाला म्हणजे शाई.

हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. ह्या दिवाळीत आपापल्या गावच्या चौकात नजर टाका. वीस फूट लांब, दहा फूट उंच असा शुभेच्छांचा फलक. मध्यभागी पुढाऱ्याचा हसरा चेहरा, भोवती पंचवीस कार्यकर्त्यांचे चेहरे, कोपऱ्यात पणती. असा फलक रात्री सांगितला तर सकाळी बांधून तयार होतो, आणि चौरस फुटामागे दहा-वीस रुपयांचा हिशेब होतो. १९९० साली असे रंगीत चित्र यंत्रातून काढून घेणे आपल्याकडच्या भल्याभल्या श्रीमंतांनाही शक्य नव्हते. मग ही किंमत इतकी खाली आली कशी? ती कोणी आणली? आणि ज्यांनी आणली, त्यांच्या पदरात शेवटी काय पडले? वस्तू स्वस्त झाली की आपण आनंद मानतो आणि पुढे जातो. पण किंमत कधी हवेत विरून जात नसते. ती एकाच्या खांद्यावरून उतरते ती दुसऱ्याच्या खांद्यावर जाऊन बसते. ती कोणाकोणाच्या खांद्यावर बसत गेली, हाच ह्या इतिहासाचा खरा विषय आहे.

लेखणी धरणारे यंत्र

संगणकाकडून मोठे चित्र काढून घेण्याची पहिली गरज चित्रकारांना पडली नाही. ती पडली अभियंत्यांना. कॅलिफोर्नियातील कॅलकॉम्प नावाच्या कंपनीने १९५९ साली '५६५' ह्या क्रमांकाचे एक यंत्र विक्रीस काढले. त्यात एका नळकांड्यावर कागद गुंडाळलेला असे आणि त्यावर एक लेखणी टेकलेली असे. नळकांडे पुढेमागे फिरे, लेखणी डावीउजवीकडे सरके, आणि दोघांच्या मेळातून रेघ उमटे. एकेक पाऊल इंचाच्या शंभराव्या भागाएवढे. कागदाची रुंदी जेमतेम फूटभर होती. परंतु संगणकाने मनात आणलेली आकृती कागदावर उतरते, हेच त्या काळी एक नवल होते. आयबीएमसारख्या बलाढ्य कंपनीनेही हे यंत्र घेऊन आपल्या क्रमांकाने विकले.

पुढे ह्या यंत्रांची रुंदी वाढत गेली. विमानांचे कारखाने, तेल शोधणाऱ्या कंपन्या, नकाशे करणारी सरकारी खाती ही त्यांची गिऱ्हाइके. गिऱ्हाइके मोजकीच, आणि त्यांना किंमतीची फारशी पर्वा नाही, असा हा सुखाचा बाजार होता. असा बाजार फार काळ टिकत नाही. १९८१ साली ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने '७५८०' क्रमांकाचे यंत्र आणले आणि त्या सुखाला पहिला तडा गेला.

त्यातील युक्ती इतकी साधी होती की ती आधी कोणाला कशी सुचली नाही, असे वाटावे. पूर्वीची मोठी यंत्रे भल्या थोरल्या मेजासारखी असत आणि त्यावरून जड दांडा धावे. जड वस्तू वेगाने धावडवायची आणि अचूक थांबवायची, तर यंत्राचे सारे अंग भक्कम हवे. म्हणून ते महाग. ह्युलेट-पॅकार्डच्या लोकांनी कागदाच्या दोन्ही कडा लहान लहान खरबरीत चाकांत पकडल्या आणि कागदच मागेपुढे हलवला. चाकांच्या खरबरीतपणामुळे कागदावर बारीक खुणा उमटत, आणि कागद पुन्हा मागे आला की त्याच खुणांत चाके नेमकी बसत. कागदाला वजन ते कितीसे? मोटारी लहान झाल्या, सांगाडा हलका झाला आणि किंमत खाली आली. आज चौकातला फलक छापणारे यंत्रही रुळांच्या पकडीत माध्यम सरकवून छापते, ते ह्याच कल्पनेच्या आधाराने. ह्या धंद्यातील पहिली मोठी स्वस्ताई अशी खऱ्या शोधातून आली. तिच्यात कोणाची फसगत नव्हती.

एका थेंबाचे अर्थशास्त्र

दुसरी स्वस्ताई आली ती थेंबातून, आणि मसाल्याची गोष्टही येथूनच सुरू होते.

१९७७ साली जपानातील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो ह्या संशोधकाच्या हातून सोल्डरिंगची तापलेली कांडी शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला लागली. त्याबरोबर सुईच्या टोकातून शाईचा थेंब उडाला. उष्णतेने शाईत बुडबुडा होतो आणि तो बुडबुडा थेंबाला बाहेर ढकलतो, हे त्या क्षणी उमगले. जवळपास त्याच काळात, १९७९ च्या सुमारास, अमेरिकेत ह्युलेट-पॅकार्डच्या जॉन व्हॉट ह्यांनीही स्वतंत्रपणे हीच वाट शोधली. आणि १९८४ साली त्या कंपनीचा 'थिंकजेट' हा छोटा प्रिंटर बाजारात आला.

थेंब उडवण्याची दुसरीही एक रीत होती. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांत वीज उत्पन्न होते, हे प्येर आणि झाक क्यूरी ह्या बंधूंनी १८८० साली दाखवले होते. ह्याचे उलटही खरे आहे. वीज दिली की असा पदार्थ किंचित आकार बदलतो. अशा पदार्थाची भिंत असलेल्या अतिसूक्ष्म कप्प्यात शाई भरावी आणि विजेचा झटका द्यावा. भिंत आक्रसते आणि थेंब बाहेर पडतो. जपानच्या एप्सन कंपनीने ही रीत पत्करली.

वाचक म्हणतील, थेंब तापवून उडवला काय आणि दाबून उडवला काय, गिऱ्हाइकाला त्याचे काय? पण साऱ्या धंद्याचा भाव ह्याच फरकाने ठरवला. तापवून थेंब उडवणारे तोंड सतत तापून आणि निवून झिजते. ते फार दिवस टिकायचे नाही हे ठाऊक असल्यामुळे ह्युलेट-पॅकार्डने ते यंत्रात कायमचे बसवलेच नाही. शाईच्या डबीलाच जोडून टाकले. शाई संपली की डबी तोंडासकट फेकायची आणि नवी आणायची. अडचणीतून निघालेली ही तोड पुढे सोन्याची खाण ठरली. कारण आता गिऱ्हाईक नुसती शाई विकत घेत नव्हते. दर वेळी यंत्राचा एक नाजूक भाग विकत घेत होते, आणि तो भाग एकाच कारखान्यात होत होता. उलट, दाबून थेंब उडवणारे तोंड वर्षानुवर्षे टिकते. ते यंत्रात पक्के बसवता येते, शाई वेगळी ठेवता येते, आणि एकदा शाई वेगळी झाली की ती कोणाचीही ओतता येते. हा भेद वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढची सारी लढाई त्यावरच झाली.

ह्या ठिकाणी एक लोककथा दुरुस्त केली पाहिजे. यंत्र स्वस्त द्यायचे आणि खर्चाची वस्तू महाग विकायची, ह्या युक्तीचा जनक म्हणून दाढीच्या पात्यांच्या जिलेट कंपनीचे नाव घेतात. वस्तरा फुकट वाटला आणि पात्यांवर पैसा केला, असे सांगतात. इतिहास तसे सांगत नाही. १९०४ साली जिलेट ह्यांना पेटंट मिळाले आणि त्यांचा वस्तरा पाच डॉलरना विकला जाई. त्या काळच्या कामगाराला ही रक्कम मुळीच लहान नव्हती. पेटंटची मुदत १९२१ साली संपत आली, प्रतिस्पर्धी दारात उभे राहिले, तेव्हा कुठे स्वस्त वस्तरे निघाले. म्हणजे कोंबडी स्वस्त होते ती विक्रेत्याला दया आली म्हणून नव्हे; शेजारी दुसरे दुकान उघडले म्हणून.

सॅन डिएगोचे दोन शेजारी

आता मोठ्या रंगीत चित्रांकडे वळू. १९९० च्या सुमारास अशा चित्रांसाठी 'आयरिस' नावाचे अमेरिकन यंत्र नावाजलेले होते. ते मुळात छापखान्यातील नमुने काढण्यासाठी केलेले. इंग्रज गायक ग्रॅहम नॅश ह्यांना छायाचित्रांचा मोठा नाद; आपली छायाचित्रे मोठ्या आकारात उत्तम कागदावर छापावीत म्हणून त्यांनी हे यंत्र घेतले आणि १९९१ साली कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे आपला छापखाना उघडला. यंत्राची किंमत होती एक लाख सव्वीस हजार डॉलर. ते यंत्र पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात गेले. नव्या यंत्राने पंधरा वर्षांच्या आत संग्रहालयात जाऊन बसावे, ह्यावरून मधल्या काळात ह्या धंद्यात केवढी उलथापालथ झाली असेल, ह्याची कल्पना यावी.

ही उलथापालथ घडवणाऱ्यांपैकी दोघे एकाच गावचे होते. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला सॅन डिएगो हे शहर आहे. ह्युलेट-पॅकार्डचा आलेखयंत्रांचा विभाग तेथे होता, आणि १९८१ साली स्थापन झालेली एन्कॅड ही छोटी कंपनीही तेथलीच. १९९१ साली ह्युलेट-पॅकार्डने 'डिझाइनजेट' हे मोठे यंत्र काढले. लेखणी गेली, तिच्या जागी शाईचे थेंब आले. पण छपाई फक्त काळी. गिऱ्हाईक तेच जुने, अभियंते आणि वास्तुशिल्पी. एन्कॅडने त्याच सुमारास 'नोव्हाजेट' काढले, तेही थेंबांचेच, पण रंगीत. आणि किंमत अशी की जुन्या महागड्या यंत्रांपुढे ती किरकोळ वाटावी. दुकानांच्या पाट्या करणारे, प्रदर्शनांचे फलक करणारे, छायाचित्रांचे लहान व्यावसायिक, ज्यांनी असले यंत्र घेण्याचे कधी मनातही आणले नव्हते, ते सारे गिऱ्हाईक झाले. बाजार होता त्यातला वाटा एन्कॅडने घेतला नाही. बाजारच नवा वसवला.

नवी वस्ती झाली की शेजारी येतातच. मिनेसोटातील लेझरमास्टर ह्या कंपनीने एन्कॅडकडूनच यंत्राचा सांगाडा घेतला, त्याला आपला संगणक जोडला, आणि लहान डब्यांऐवजी मोठ्या बाटल्यांतून नळीने शाई पुरवण्याची सोय करून आपल्या नावाने विकला. त्यांचे लक्ष सांगाड्यावर नव्हते, बाटल्यांवर होते. १९९३ साली ह्युलेट-पॅकार्डचे रंगीत डिझाइनजेट आले. आता तिघांत सामना सुरू झाला, आणि त्यात बळाचे पारडे उघड दिसत होते. ह्युलेट-पॅकार्ड घराघरांतील छोट्या प्रिंटरांसाठी थेंब उडवणारी तोंडे प्रचंड संख्येने तयार करीत होती. तोंडे तिची, शाई तिची, यंत्रे तिची. यंत्रावर नफा नाही मिळाला तरी तिचे बिघडत नव्हते. तो शाईवर वसूल होणार होता. ज्याच्याजवळ कोंबडी आणि मसाला दोन्ही आहेत, त्याच्याशी केवळ कोंबडीच्या भावात लढणे किती अवघड!

दशक संपता संपता निकाल लागू लागले. ज्या कॅलकॉम्पने १९५९ साली हा मार्ग दाखवला, ती कंपनी अनेक मालक बदलून अखेर १९९९ साली बंद पडली. एन्कॅड २००२ साली कोडॅकने विकत घेतली, सुमारे अडीच कोटी डॉलरना. लेझरमास्टरने आपले नाव बदलून कलरस्पॅन केले. तीही दुसऱ्यांच्या हातून फिरत २००७ साली ह्युलेट-पॅकार्डच्याच पोटात गेली. किंमत खाली आणणारा एक, आणि त्या किंमतीवर राज्य करणारा दुसरा, ही गोष्ट व्यापाराच्या इतिहासात नवी नाही. विहीर खणणाऱ्याला पाणी लागते, पण मोट दुसऱ्याचीच चालते.

उघड्या डब्यांचा बाजार

येथपर्यंतची लढाई घरातली होती, आणि हे शब्दशः खरे आहे. कारण ह्या यंत्रांची शाई पाण्यात कालवलेली. उन्हात ती फिकी पडे, पावसात ओघळे. रस्त्यावरच्या फलकाला ती निरुपयोगी होती. उघड्यावर टिकायचे तर प्लॅस्टिकच्या अंगात मुरणारी, तीव्र वासाच्या द्रावणातील शाई हवी, आणि ती पेलणारी यंत्रेही हवीत. अमेरिकेतील व्ह्यूटेक, इस्राएलमधील नूर आणि सायटेक्स ह्या कंपन्यांनी तशी दहा-दहा, पंधरा-पंधरा फूट रुंदीची अजस्र यंत्रे केली. त्यांच्या किंमती पुन्हा आभाळाला भिडलेल्या. बड्यांनी इकडेही हात घातला. २००५ साली ह्युलेट-पॅकार्डने सायटेक्सचा हा विभाग तेवीस कोटी डॉलरना घेतला. त्याच वर्षी व्ह्यूटेकलाही अमेरिकेतील ईएफआय कंपनीने अठ्ठावीस कोटींच्या घरात घेतले. नूर २००८ साली ह्युलेट-पॅकार्डकडे गेली. एन्कॅडच्या अडीच कोटींशी हे आकडे ताडून पाहावेत. पैसा आता घरातून रस्त्यावर आला होता.

परंतु ह्या वेळी बड्यांची गणिते चुकवणारी एक गोष्ट आधीच घडून गेली होती. इंग्लंडच्या केंब्रिजमध्ये १९९० साली झार नावाची एक कंपनी निघाली. ती छपाईयंत्रे विकत नसे. ती केवळ दाबून थेंब उडवणारी तोंडे बनवी, आणि ती बनवण्याचे परवाने इतरांना देई. जपानची कोनिका, तोशिबा टेक अशा कंपन्यांनी असे परवाने घेतले. अमेरिकेतील स्पेक्ट्रा ही कंपनीही अशीच तोंडे विकी. ज्या भागामुळे यंत्र अवघड होते तो भागच दुकानात मिळू लागल्यावर यंत्र जुळवायला उशीर कसला? रूळ, मोटारी, सांगाडा आणि विकत आणलेली तोंडे एकत्र करून चीनमधील कारखान्यांनी फलकछपाईची यंत्रे भराभर तयार केली. जपानच्या रोलंड, मिमाकी, मुतोह ह्या कंपन्यांनी एप्सनची तोंडे वापरून मधल्या दर्जाची नेटकी यंत्रे आणली, ती निराळीच. ही तोंडे पक्की बसवलेली असल्यामुळे चिनी यंत्रांना शाईची बंद डबी लागत नव्हती. उघड्या डब्यातून ओतलेली शाई चाले, आणि ती कोणीही विकू शके.

कोंबडीही स्वस्त आणि मसालाही स्वस्त! मग सगळ्यांचेच कल्याण झाले असे कोणी म्हणेल. पण किंमत विरून जात नसते, असे आरंभी म्हटले ते येथे आठवावे. बंद डबीच्या बाजारात यंत्र विकणारा शाईवर जगत होता. उघड्या डब्याच्या बाजारात त्याला तो आधार नाही; म्हणून त्याला जगायचे तर अधिकाधिक यंत्रे विकली पाहिजेत. एका तालुक्याच्या गावात एक यंत्र गेले, तेव्हा त्या दुकानदाराला चार पैसे बरे मिळाले. त्याचे पाहून दुसऱ्याने कर्ज काढून घेतले, मग तिसऱ्याने. गावातले फलक तितकेच. यंत्रे मात्र तीन. कर्जाचा हप्ता तर दर महिन्याला उभाच. अशा वेळी दुकानदार काय करणार? चौरस फुटाचा भाव उतरवणार. शेजारी त्याहून एक रुपया उतरवणार. यंत्रे विकणाऱ्यांची स्पर्धा अशा रीतीने यंत्र घेणाऱ्यांच्या अंगावर येऊन पडली. शाईत पातळ द्रावण अधिक मिसळा, कापड हलके वापरा, रात्रपाळी करा, अशी काटकसर सुरू झाली. आणि त्या तीव्र वासाच्या खोलीत बारा-बारा तास उभे राहणाऱ्या पोराच्या फुफ्फुसांचा हिशेब कोणत्याच खात्यात लिहिला गेला नाही.

चौरस फुटाचे मूळ मानकरी

ह्या खतावणीत आणखी एक नाव राहून जाते, ते पेंटरचे. गावोगावी हा शब्द आडनावासारखा वापरला जाई. कोल्हापूरच्या बाबूराव मिस्त्रींना नाटकांचे पडदे रंगवता रंगवता महाराष्ट्राने बाबूराव पेंटर केले, आणि त्याच नावाने ते चित्रपटसृष्टीच्या इतिहासात अमर झाले. मकबूल फिदा हुसेन १९३० नंतरच्या दशकात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरीत होते. बांबूच्या परातीवर उभे राहून, हातात लहानसे चित्र धरून, समोर वीस फुटी नायिका उभी करायची. जवळून पाहिले तर नुसते रंगांचे फटकारे, आणि रस्त्यापलीकडून पाहिले तर जिवंत चेहरा. हे कसब शाळेत शिकवले जात नव्हते. वस्तादाच्या हाताखाली डबे धुता धुता पोरगा आधी पार्श्वभूमी भरायला शिके, मग अक्षरे, आणि कित्येक वर्षांनी चेहरा.

पेंटरचीही मजुरी चौरस फुटावरच ठरे. यंत्राने त्याचे माप घेतले आणि त्याला वगळले. त्याची यंत्राशी स्पर्धा झाली असे म्हणणेही खरे नाही, कारण स्पर्धेला दोन बाजू लागतात. एका दिवसात जेवढा भाग तो रंगवी तेवढा यंत्र तासाभरात छापी. काही जण त्या यंत्रांच्याच दुकानात संगणकापुढे बसले, काहींनी घरांना रंग देण्याची कामे धरली, आणि वयाने थकलेले घरी बसले. नव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत आमच्या गावोगावच्या पाट्यांवरील अक्षरांना असलेले हातांचे निरनिराळे वळण झपाट्याने नाहीसे झाले. हरेक गावचा 'श्री' वेगळा असे. आता एकच 'श्री' सगळीकडे आहे.

ही जुन्याची हळहळ नव्हे. लग्नाचा, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा, महिला बचत गटाच्या विक्रीचा फलक आज गरिबालाही परवडतो, हे मोठे सुख आहे, आणि ते कोणी हिरावून घेऊ नये. परंतु स्वस्ताईने जो सुकाळ आणला त्याचा भारही कोणाला तरी वाहावा लागला. हे फलक पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या कापडाचे असतात. ते कुजत नाही. जाळले तर विषारी धूर होतो. केरळ सरकारने २०१९ साली अशा फलकांवर बंदी घातली. महाराष्ट्रात बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ च्या जानेवारीत पालिकांना खडसावून आदेश दिले. फलक उतरवण्याचा आणि त्यांची विल्हेवाट लावण्याचा खर्च जो पालिकेवर पडतो, तो तुमच्याआमच्या घरपट्टीतून जातो. दहा रुपये चौरस फुटाच्या हिशेबात तो कधीच धरलेला नसतो.

मसाल्याचा भाव

ह्या हकीकतीचे शेवटचे प्रकरण मात्र आशादायक आहे. गिऱ्हाईक नेहमीच भोळे राहत नाही. इंडोनेशियासारख्या देशांत लोकांनी छोट्या प्रिंटरच्या बंद डब्यांना भोके पाडून, नळ्या लावून, बाहेरच्या बाटल्यांतून शाई पुरवायला सुरुवात केली. कंपन्यांनी धाक दाखवला, हमी काढून घेतल्या. लोक बधले नाहीत. अखेर २०१० साली एप्सनने स्वतःच इंडोनेशियात टाकीचा प्रिंटर विक्रीस ठेवला. यंत्राची किंमत अधिक, पण शाई बाटलीतून ओतायची आणि फार स्वस्त. अनेक वर्षांची रीत लोकांच्या खटपटीने उलटी फिरली. अमेरिकेतही छपाईच्या रिकाम्या डब्या पुन्हा भरून विकणाऱ्या एका छोट्या दुकानाने लेक्समार्क ह्या मोठ्या कंपनीशी खटला लढवला, आणि मे २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वस्तू एकदा विकली की तिच्यावरील पेटंटचा अंकुश संपतो. ती पुन्हा भरावी की मोडावी हा घेणाऱ्याचा हक्क. ह्युलेट-पॅकार्डनेही २००८ पासून पाण्यात कालवलेली, पण उन्हापावसात टिकणारी नवी शाई मोठ्या यंत्रांत आणली. त्या शाईला तो तीव्र वास नाही. म्हणजे कामगाराच्या फुफ्फुसांचा हिशेबही कोणी तरी मांडू लागले आहे.

दिवाळी हा खरेदीचा सण. ह्या दिवसांत जाहिरातींतून चार आण्यांच्या कोंबड्या चोहीकडे आरवत असतात. प्रिंटर असो, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र असो, की हप्त्यावरचा मोबाइल असो. दुकानदाराला यंत्राची किंमत विचारण्याआधी आणखी तीन प्रश्न विचारावेत. ह्याला पुढे काय काय लागेल? ते आणखी कोणाकडे मिळते का? आणि पाच वर्षांत एकूण किती पैसे जातील? दुकानदार प्रामाणिक असेल तर तो कागदावर हिशेब मांडून देईल. आणि चौकातला फलक सांगायला जाल, तेव्हा सगळ्यांत कमी भाव सांगणाऱ्याला काम देण्याआधी क्षणभर थांबून एवढेच पाहावे, की त्याच्या खोलीला खिडकी आहे की नाही.